वेळ, ताण आणि दिवसातली उसंत

वेळेच्या नियोजनाचा विषय निघाला की आपल्या मनात दैनंदिनी, घड्याळ आणि पहाटे पाचला उठण्याचा संकल्प येतो. ताण कमी करण्याचा विषय निघाला की ध्यान, योगासने किंवा चार दिवसांची सहल आठवते. हे दोन विषय असे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची सवय मला चुकीची वाटते. गेल्या शंभर वर्षांत शरीरशास्त्र आणि मानसशास्त्र यांनी जे दाखवून दिले आहे, त्यावरून असे दिसते की माणसावरचा ताण केवळ कामाच्या तासांवर ठरत नाही. त्या तासांवर त्याचे स्वतःचे नियंत्रण किती आहे आणि दोन कामांच्या मध्ये त्याच्या शरीराला पूर्वपदावर येण्यास उसंत किती मिळते, यावर तो मोठ्या प्रमाणात ठरतो. दिवसात आणखी एक काम कसे बसवावे, या प्रश्नापेक्षा दिवसातली उसंत कशी राखावी, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा आहे.

गोव्याबाहेरच्या माणसाला आपले राज्य निवांत वाटते. येथे राहणाऱ्याला मात्र फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या सकाळच्या बसमधली गर्दी, वेर्णा किंवा कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या, ऑक्टोबरपासून पुढे पर्यटनाच्या हंगामात किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून रजाच न मिळणे, आणि या सगळ्यावर जत्रा, लग्ने, बारशी, सत्यनारायण यांची न टाळता येणारी आमंत्रणे हे सारे ठाऊक असते. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली दुपारची दुकाने बंद ठेवण्याची पद्धत मडगाव, म्हापशाच्या अनेक दुकानदारांनी टिकवली आहे. कार्यालयात, कारखान्यात किंवा मॉलमध्ये काम करणाऱ्यांना ती सवलत उरलेली नाही.

ताण म्हणजे शरीरात नेमके काय होते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले की धोका समोर आला की प्राण्याचे शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी काही क्षणांत सज्ज होते. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते आणि पचन मंदावते. त्यानंतर काही मिनिटांत दुसरी, सावकाश चालणारी साखळी कामाला लागते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, ती अधिवृक्क ग्रंथींना संदेश देते आणि कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. कॉर्टिसॉल रक्तातील साखर वाढवून स्नायूंना आणि मेंदूला इंधन पुरवते, आणि तातडीची नसलेली कामे, म्हणजे झीज भरून काढणे, वाढ, प्रजनन, रोगप्रतिकाराचा काही भाग, काही काळ मागे ठेवते.

कॉर्टिसॉलची बदनामी फार झाली आहे, आणि ती अन्यायाची आहे. हे संप्रेरक नसते तर आपण सकाळी अंथरुणातून उठूच शकलो नसतो. निरोगी माणसात जाग आल्यानंतरच्या साधारण अर्ध्या-पाऊण तासात त्याची पातळी सर्वांत वर जाते, मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास ती तळ गाठते. शिवाय ही यंत्रणा स्वतःला थांबवणारीही आहे. रक्तातले कॉर्टिसॉल पुरेसे झाले की मेंदूला तशी सूचना मिळते आणि संदेशांची साखळी बंद होते. परीक्षेआधीची किंवा रंगमंचावर पाऊल टाकण्यापूर्वीची धडधड याच यंत्रणेमुळे होते आणि ती कामाला मदतच करते. थोड्या काळाचा ताण हा आजार नाही.

अडचण येते ती यंत्रणा थांबतच नाही तेव्हा. हान्स सेली या संशोधकाने १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, जखम, विषारी द्रव्य, अतिश्रम अशी कारणे वेगवेगळी असली तरी उंदरांच्या शरीरात होणारे बदल मात्र सारखेच असतात, असे त्याला आढळले होते. आधी सावध होण्याची अवस्था, मग तग धरण्याची आणि मारा चालूच राहिला तर शेवटी थकून कोसळण्याची. पुढे १९९३ साली ब्रूस मॅक्एवन आणि एलियट स्टेलर यांनी हाच विचार माणसाच्या दैनंदिन आयुष्याला लावला. ताणाला तोंड देण्यासाठी शरीर जी जुळवाजुळव करते तिचीही किंमत असते, ती वर्षानुवर्षे साचत जाते आणि उच्च रक्तदाब, पोटावरची चरबी, अपुरी झोप, मंद झालेली स्मरणशक्ती अशा रूपांत दिसू लागते, असे त्यांनी मांडले. आपल्या खाजन शेतांना, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतांना, हे चांगले लागू पडते. भरतीच्या वेळी बांधाचे मानस, म्हणजे पाण्याचे दार, मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते, ओहोटीला ते उघडते आणि शेतात साचलेले पाणी निघून जाते. ओहोटी आलीच नाही तर बांध कितीही भक्कम असला तरी आतले पाणी तुंबून राहील आणि पीक कुजेल.

माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वाघ समोर यावाच लागतो असे नाही. वाघाचा विचारही पुरतो. रात्री साडेनऊला फोनवर आलेला वरिष्ठांचा दोन ओळींचा संदेश, महिनाअखेरचा कर्जाचा हप्ता, उद्याच्या बैठकीत कोण काय म्हणेल याची मनात चाललेली उजळणी, यांतले काहीही तीच साखळी सुरू करू शकते. शरीर घरी आले असले तरी यंत्रणा कामावरच असते. सुट्टी घेऊनही थकवा न जाण्याचे एक मोठे कारण हेच आहे.

आता नियंत्रणाकडे वळू. अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटतात. लोकांना त्यांनी मोठ्या, अवेळी येणाऱ्या गोंगाटात काम करायला लावले. त्यांपैकी काहींना एक बटण दिले आणि सांगितले की असह्य झाले तर हे दाबा, आवाज बंद होईल. पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी बटण दाबलेच नाही, म्हणजे गोंगाट दोन्ही गटांनी सारखाच सोसला. तरीही नंतर दिलेल्या कामात बटण असलेल्यांनी अधिक चिकाटी दाखवली आणि कमी चुका केल्या. आवाज तोच, तास तेच. आपण हे थांबवू शकतो एवढी जाणीवच परिणाम बदलण्यास पुरेशी ठरली.

लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा १९६७ साली सुरू झालेला आणि 'व्हाइटहॉल' या नावाने ओळखला जाणारा अभ्यास हीच गोष्ट प्रत्यक्ष आयुष्यात दाखवतो. मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांमध्ये सर्वांत कमी होते. सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये ते त्यांच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केल्यावरही या फरकाचा मोठा भाग उलगडत नव्हता. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कामावर नियंत्रण कमी असणे आणि हृदयविकार यांचा संबंध दिसून आला. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ सालीच मांडले होते की कामाची मागणी मोठी आणि निर्णयाचा अधिकार लहान, हे मिश्रण सर्वांत अपायकारक असते. साहेबाला ताण असतो आणि शिपायाला नसतो, ही आपल्याकडची समजूत म्हणूनच तपासून पाहण्याची गरज आहे.

आपली नोकरी आपण एका दिवसात बदलू शकत नाही, हे उघड आहे. पण दिवसातला थोडासा भाग जरी स्वतःच्या निर्णयाखाली आणता आला तरी वरच्या बटणासारखा त्याचा उपयोग होतो. समजा, एखादी स्त्री फोंड्याहून पणजीला रोज नोकरीसाठी जाते. कचेरीतल्या खिडकीवर किती लोक येतील हे तिच्या हाती नाही, बस कुठे अडकेल हेही नाही. बसमधला जवळजवळ तासाभराचा वेळ मात्र तिचा आहे. तो फोनवरचे संदेश वाचण्यात जाऊ द्यायचा, की खिडकीबाहेर पाहत बसायचे, की डोळे मिटून घ्यायचे, हे ती ठरवू शकते. हे ठरवलेले असणे, रोज नशिबावर न सोडणे, हा नियोजनाचा पहिला आणि सर्वांत स्वस्त भाग आहे.

मनाच्या बाजूनेही एक अडथळा आहे, आणि तो अर्धवट कामांचा आहे. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडले की पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मध्येच सोडलेली कामे अधिक आठवतात. त्यानंतरच्या सगळ्या प्रयोगांत स्मरणाचा हा फरक सारखा दिसला नाही. मात्र अपुरे काम मनात पुन्हा पुन्हा डोकावते, हा अनुभव सर्वांना आहे. २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी दाखवलेला भाग अधिक उपयोगाचा आहे: काम पूर्ण न करताही, ते कधी, कुठे आणि कसे करायचे याची नेमकी आखणी केली की त्याचे मनात डोकावणे बरेच कमी होते. म्हणजे मन काम पूर्ण होण्याचाच हट्ट धरत नाही. कामाला जागा मिळाली एवढी खात्री त्याला पुरते. कचेरीतून निघण्यापूर्वी दहा मिनिटे काढून उरलेली कामे कागदावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे दिवस आणि वेळ घालावी, ही जुन्या हेडक्लार्कांची शिस्त त्यामुळे शास्त्रालाही धरून आहे. 'बँकेचे काम करायचे आहे' असे लिहून भागत नाही. 'बुधवारी दुपारच्या सुट्टीत बँकेत जाऊन केवायसीचे कागद देणे' असे लिहिले तरच मन ते सोडून देते. पीटर गोल्विट्झर यांनी अशा 'जेव्हा हे होईल तेव्हा मी ते करीन' या धाटणीच्या आखणीचा अभ्यास केला आहे, आणि नुसत्या इच्छेपेक्षा ती खूप अधिक वेळा फळाला येते असे त्यांना आढळले.

एका कामावरून दुसऱ्यावर उड्या मारण्याचा परिणामही याच कुळातला आहे. सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवले की पहिले काम अपुरे टाकून दुसरे हाती घेतले तर लक्षाचा काही अंश पहिल्याच कामापाशी रेंगाळतो आणि दुसरे काम खालावते. २००८ साली ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांनी प्रयोगात लोकांच्या कामात मुद्दाम व्यत्यय आणले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवले, कामाचा दर्जाही घसरला नाही. पण त्यांनी ताण, वैताग आणि घाई अधिक जाणवल्याचे सांगितले. वेळेचा हिशेब जमला, किंमत मात्र शरीराने भरली. 'मला एका वेळी चार कामे करता येतात' असे अभिमानाने सांगणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष गंभीरपणे घ्यावा असे मला वाटते. फोनचे संदेश दिवसातून ठरावीक वेळांनाच पाहावेत, कुटुंबाच्या आणि शाळेच्या गटांखेरीज बाकीच्या गटांचे आवाज बंद ठेवावेत आणि तातडीचे काही असेल तर फोनच करावा असे सहकाऱ्यांना सांगून ठेवावे. एवढ्याने बराच फरक पडतो. पंचवीस मिनिटे एकच काम आणि मग पाच मिनिटे विश्रांती, ही फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस रूढ केलेली पद्धत अनेकांना मानवते. ज्यांच्या समोर सतत माणसे येत असतात अशा दुकानदाराला किंवा परिचारिकेला ती जमणार नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

वेळेचा अंदाज चुकणे हे ताणाचे दुसरे मोठे मूळ आहे. डॅनियल काह्नेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली याकडे लक्ष वेधले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले, तेव्हा त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५६ दिवस लागले. या चुकीचे कारण आळस नाही. अंदाज बांधताना माणूस समोरच्या कामाचेच चित्र पाहतो, आणि त्या चित्रात पाऊस, आजारपण, बंद पडलेला सर्व्हर, अचानक आलेले पाहुणे यांना जागा नसते.

गोव्यातल्या प्रत्येक हिंदू घरात हे चवथीच्या आधीच्या आठवड्यात घडताना दिसते. रंगकाम दोन दिवसांत होईल, माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे, सामान शनिवारच्या बाजारात एका फेरीत येईल, नेवऱ्या एका दुपारी तळून होतील, असे वाटते आणि तृतीयेच्या रात्री बारा वाजेपर्यंत सारे घर जागे असते. यावर उपाय साधा आहे. या वर्षी किती वेळ लागेल असा विचार न करता गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती लागला ते आठवावे, शक्य असल्यास लिहून ठेवावे, आणि तोच आकडा या वर्षीसाठी धरावा. आठवणीवर विसंबलेला असा अंदाज कल्पनेवर बेतलेल्या अंदाजापेक्षा जवळजवळ नेहमीच खरा ठरतो. ज्या कामाचा पूर्वानुभव नाही, त्याला मनात आलेल्या वेळेच्या दीडपट वेळ द्यावा. प्रवासाचेही तसेच आहे. नवा जुवारी पूल झाल्यापासून पणजी-मडगाव प्रवास पुष्कळ सुधारला आहे, पण जे रस्ते पावसाळ्यात तुंबतात ते तुंबतातच. घरून निघण्याची वेळ चांगल्या दिवसावरून ठरवली की आठवड्यातले निदान दोन दिवस धापा टाकत पोहोचावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण वेळेच्या नियोजनावरच्या बहुतेक सल्ल्यांतून ती गळून पडते. घरात वेळ सर्वांना सारखा मिळत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की घरची विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास घालवतात. अशी कामे करणारे पुरुष त्यांवर ९७ मिनिटे घालवतात. त्यातही दिवसभरात अशी काही कामे करणारे पुरुष सुमारे एकचतुर्थांश होते, तर स्त्रियांचे प्रमाण पाचात चारहून अधिक होते. अशा परिस्थितीत नोकरी करणाऱ्या स्त्रीला 'वेळेचे नीट नियोजन करा' असा सल्ला देणे म्हणजे प्रश्न तिच्या वहीत ढकलून देणे होय. तिच्या दिवसातली उसंत तिच्या शिस्तीतून येणार नाही. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी काम उचलले तरच ती येईल.

काम उचलणे म्हणजे सांगितले की करणे असा अर्थ घेतला तर उपयोग होत नाही. भाजी संपली हे लक्षात ठेवणे, मुलाच्या लसीची तारीख, सासूबाईंच्या गोळ्या, गॅसचा नंबर लावणे, या सगळ्याची नोंद डोक्यात बाळगणे हेच मोठे काम आहे, आणि वर सांगितलेल्या अपुऱ्या कामांच्या ओझ्याचा बराच भाग त्यातून येतो. म्हणून वाटणी करायची तर एखादे काम आठवणीसकट सोपवावे. औषधे मुलाकडे असतील तर ती कधी संपतात हे पाहणेही त्याच्याकडेच असावे, आणि एकदोनदा चुकले तर आईने ते परत स्वतःकडे घेऊ नये. रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळी सर्वांनी मिळून पुढच्या आठवड्याकडे एकदा पाहावे. कोणाची कोणती पाळी, कोणाची परीक्षा, कोणाकडचे जेवण, हे तेव्हाच एका कागदावर उतरले की आठवडाभराची ओरड कमी होते.

नकार देण्याचा प्रश्न आपल्याकडे विशेष नाजूक आहे. गोव्यात माणसे एकमेकांना ओळखतात, देवस्थानाचे महाजन, वाड्यावरचे शेजारी, भजनी मंडळ, जत्रेतल्या मराठी नाटकाचा संच, या सगळ्यांशी आपले नाते कचेरीपेक्षा जुने असते. पाश्चात्त्य पुस्तकांतला 'ठामपणे नाही म्हणा' हा सल्ला येथे तसाच्या तसा वापरला तर माणूस एकटा पडतो, आणि एकटेपणा हा स्वतःच मोठा ताण आहे. पूर्ण नकारापेक्षा मर्यादित होकार आपल्या समाजाला अधिक मानवतो. 'दादा, यंदा मला भूमिका देऊ नका, तालमींना रोज रात्री येणे जमणार नाही. पण प्रयोगाच्या दोन रात्री पडद्यामागे उभा राहीन' असे सांगितले तर नाते राहते आणि महिनाभराच्या रात्रीही राहतात. सामूहिक कामांची विभागणी कशी करावी हे आपल्याला नवीन नाही. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालते, आणि ते चालते याचे कारण असे की कोणताही एक गट चोवीस तास गात नाही. पाळ्या आधी ठरलेल्या असतात आणि गाऊन झालेला माणूस विनासंकोच बाजूला होतो.

काय सोडायचे हे ठरवताना तातडीचे आणि महत्त्वाचे यांतला फरक कामी येतो. अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी १९५४ साली एका भाषणात हा भेद सांगितला होता. तातडीची कामे आवाज करून येतात. रक्तदाब तपासणे, वडिलांशी निवांत बोलणे, रोज अर्धा तास चालणे ही कामे आवाज करीत नाहीत, म्हणून ती नेहमी उद्यावर जातात. माझे मत असे आहे की आठवडा आखताना आधी हीच दोन-तीन कामे मांडावीत आणि बाकीची त्यांच्या भोवती बसवावीत. शिवाय रोजच्या दिवसातला थोडा भाग, निदान तासभर तरी, काहीही न ठरवता रिकामा सोडावा. तो वाया जात नाही. लांबलेली कामे त्यात सामावतात, आणि काही लांबले नाही तर तो विश्रांतीला मिळतो.

झोपेला या हिशेबातून कधीही वगळू नये. प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप लागते. काम उरले की पहिली काटछाट झोपेत होते, आणि अपुऱ्या झोपेचा माणूस दुसऱ्या दिवशी तेच काम अधिक वेळात आणि अधिक चिडचिडीने करतो. चहा-कॉफीतील कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागतात, हे लक्षात घेतले तर संध्याकाळी सहानंतरचा कप झोपेच्या वेळीही रक्तात असतो. मोपा विमानतळावर, रुग्णालयात किंवा हॉटेलात रात्रपाळी करणाऱ्यांची अडचण अधिक खरी आहे, कारण त्यांना शरीराच्या घड्याळाच्या उलट जगावे लागते. त्यांच्यासाठी खोली पूर्ण अंधारी करणे, पाळीचे वेळापत्रक घरात भिंतीवर लावणे आणि दिवसाच्या झोपेच्या वेळेत घरच्यांनी दार, फोन, मिक्सर यांचा आवाज टाळणे, हे उपाय इतर कोणत्याही सल्ल्यापेक्षा उपयोगी आहेत.

शरीर खाली आणण्याचा सर्वांत जवळचा मार्ग श्वासाचा आहे. श्वास सावकाश सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, आणि मिनिटाला सुमारे सहा श्वास या लयीत हृदय, श्वसन आणि रक्तदाब यांचे चढउतार एकमेकांशी जुळतात. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतील ल्युचियानो बेर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास गोव्याच्या वाचकाला जिव्हाळ्याचा वाटावा. लॅटिन भाषेत जपमाळेची प्रार्थना म्हणणे आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणणे, या दोन्हींमुळे श्वासाची गती आपोआप मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरते, असे त्यात दिसले. आपल्या गावांत संध्याकाळी एका घरात तेर्स, म्हणजे ख्रिस्ती कुटुंबाची जपमाळेची प्रार्थना, चालतो आणि शेजारच्या घरात तुळशीपुढे दिवा लावून स्तोत्र म्हटले जाते; दोन्ही घरांना ही पाच-दहा मिनिटे परंपरेने मिळाली आहेत. श्रद्धा नसलेल्याने नुसते मोजून सावकाश श्वास घेतला तरी चालते.

हे सगळे करूनही काही वेळा ताण हटत नाही, आणि तेव्हा तो नियोजनाचा प्रश्न राहिलेला नसतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, जगण्याचा कंटाळा येणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. या बाबतीत गोव्याने जगाला काही शिकवले आहे, आणि ते आपल्याकडेच फारसे ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते. विक्रम पटेल आणि १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक उपचार तपासून पाहिला. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा ते आठ बैठकांत ते रुग्णाला त्याचा दिवस पाहायला शिकवत, कोणत्या गोष्टींनी मन हलके होते ते शोधायला सांगत आणि त्या गोष्टी आठवड्यात ठरवून बसवायला मदत करत. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. आजारी मन बरे वाटण्याची वाट पाहत कामे पुढे ढकलते, आणि कामे पुढे गेल्याने आणखी खचते. आधी लहानसे, ठरलेले, आवडीचे काम आणि मग बरे वाटणे, असा क्रम लावून हा उपचार ते चक्र तोडतो.

अशी मदत हवी असेल तर गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. बांबोळी येथील मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे आणि तेथे जाण्यात काही कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो. छातीत दुखणे, दम लागणे, डाव्या हाताकडे वेदना जाणे यांना मात्र कधीही ताण समजू नये. तेव्हा १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.